मामाचा टोल

कायदा वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न वाचलेला कायदा माणसाला नम्र ठेवतो. अर्धा वाचलेला मात्र टोलनाक्यावर गाडीतून खाली उतरवतो.

माझा भाचा सैन्यात. रजा संपली आणि त्याला पुण्याला रेल्वेवर सोडायचे काम माझ्याकडे आले. निघताना अक्काने त्याच्या हातावर दही ठेवले आणि मला बजावले, ‘‘सावकाश चालव रं.’’ विलायतेत 1865 साली कायदाच केला होता : यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवायचा आणि गावात ताशी 2 मैलांपुढे जायचे नाही. लोणंदच्या कांदाबाजारातून आम्ही निशाणाशिवाय त्याच वेगाने बाहेर पडलो.

पण माझा भरवसा होता तो 1901 च्या कायद्यावर. सैन्याला टोल माफ करणारा हा इंग्रजांचा कायदा अजून जिवंत आहे. त्यात जवान, त्यांचे सामान, घोडे, इतकेच काय, लष्करी पहाऱ्यातले कैदीसुद्धा फुकट! आणि तरीही टोल उकळणाऱ्याला दंड किती? 50 रुपयांपर्यंत. आज एका खेपेचा टोलच त्याहून जास्त. म्हणजे दंड भरूनही नाका फायद्यात.

महामार्गावर नाका आला. मी कलम आठवतोय तोवर फास्टॅगमधून पैसे गेलेसुद्धा. यंत्राशी काय भांडणार? उतरून खिडकीतल्या पोराला गाठले.

‘‘अरे, मिलिटरीचा माणूस आहे गाडीत!’’

‘‘ड्यूटीवर आहेत का, काका?’’

‘‘रजेवर... म्हणजे रजा संपली. परत निघालाय.’’

‘‘गाडी मिलिटरीची?’’

‘‘माझी.’’

‘‘मग राहू द्या की, काका.’’

पोरगा बरोबर होता. माफी आहे ती ड्यूटीवर किंवा कूच करताना. कायद्यात कैदी आहे, मामा कुठेच नाही. मागे हॉर्न सुरू झाले. भाचा म्हणाला, ‘‘मामा, बसा. टोलचे मी देतो.’’ हे मात्र फार लागले.

पुढे वाटभर एकच विचार. ड्यूटी सुरू कुठे होते? कागदावर ती पलटणीत हजर झाल्यावर होत असेल. अक्काच्या हिशेबात ती उंबऱ्यावर, दह्यापाशीच सुरू होते.

रात्री लोणंदला परतलो. अक्का जागीच होती.

‘‘टोल किती पडला रं?’’

‘‘छे! मिलिटरीला माफ असतो.’’

‘‘असायलाच पायजे,’’ ती म्हणाली आणि पोचल्याच्या फोनची वाट बघत दाराशी बसून राहिली.