टाळू शिवल्यानंतर

निपाणीकडची माणसं हिशेबाला पक्की. ‘डॉक्टर, शिवलंय की सगळं, आता परत कशाला यायचं?’ असं आज्जी विचारते तेव्हा लगेच उत्तर सुचत नाही. नात तीन-चार महिन्यांची असताना दुभंगलेला ओठ शिवला, वर्षाची झाल्यावर टाळू. आता ती खाते, बोलते, शाळेत जाते. मी बेळगावात दातांना तारा बसवणारा. माझं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि घरच्यांना ते पटवणं तार वळवण्याहून अवघड.

दुभंग घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या वरच्या जबड्यात वाढायची ताकद असते. हे नीट कळलं ते श्रीलंकेत. मायकेल मार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे टाळू कधी शिवलीच नव्हती अशी मोठी माणसं तपासली. मार्स आणि ह्यूस्टन यांचा त्यावरचा लेख १९९० साली आला. न शिवलेल्यांचा वरचा जबडा बराचसा चारचौघांसारखा पुढे वाढलेला होता. लहानपणी शिवलेल्यांचा मात्र मागे राहिला होता. म्हणजे वाढ अडते ती मुख्यतः आमच्याच टाक्यांनी. टाळूवरचं आवरण उचलून मध्ये ओढलं की कडेला हाड उघडं पडतं, तिथे व्रण भरतो, आवळतो आणि जबड्याला रुंदावू देत नाही.

मग टाळू उशिरा शिवावी? युरोपात काहींनी तेही करून पाहिलं. चेहरे चांगले वाढले, बोलणं बिघडलं. आमच्याकडे मूल घरी मराठी बोलतं आणि पुष्कळदा शाळेत कन्नड. दोन्हीकडे त्याचे शब्द नाकातून निसटणार असतील, तर सरळ जबडा घेऊन ते काय करणार? माझं मत वाचेच्या बाजूने आहे. जबड्याचं पुढे बघता येतं.

बघता येतं, पण लक्ष ठेवलं तर. दातांचे प्लास्टरचे साचे घ्यायचे, चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढायचा. १९८७ साली आलेल्या गॉस्लन मोजपट्टीत असे साचे पाच गटांत लावतात. पाचव्या गटातल्या मुलाला पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागणार, हे दहाव्या वर्षीच बरंचसं कळतं. साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी, हिरडीच्या फटीत कमरेचं हाड भरायचं असतं. ती वेळ हुकली की सुळ्याला उतरायला हाडच मिळत नाही. आणि नेमक्या याच वयात मुलं दिसेनाशी होतात. कुणी कोल्हापूर गाठतं, कुणी ऊसतोडीला जातं. साचे एका राज्यात, एक्स-रे दुसऱ्यात. म्हणून मी एक्स-रे घरच्यांच्याच हातात देतो आणि पुढची तारीख दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीतली देतो.

खरी परीक्षा मिसरूड फुटताना. खालचा जबडा झपाट्याने वाढतो, वरचा मागेच. आई म्हणते, ‘हनुवटी लई फुडं आली बगा.’ हनुवटी आपल्या जागी असते. मागे राहिलेला असतो गालांमधला भाग. वरचा जबडा कापून पुढे आणता येतो, पण वाढ थांबल्यावर. घाई केली तर खालचा पुन्हा पुढे निघून जातो. नववीतल्या मुलाला हे सांगताना मी आईकडे न बघता त्याच्याकडेच बघून बोलतो. तो बहुतेक एकच विचारतो, ‘दहावीच्या आधी होईल?’ मी सांगतो, बारावीनंतर. तोवर वर्षातून एकदा एक्स-रे.