अकरा महिन्यांचा करार आणि दीडशे लिटर समुद्र

खाऱ्या पाण्याच्या टँकचा नाद लागलेल्या प्रत्येक माणसाकडे एक एक्सेल शीट असते. मासे नंतर येतात, पाणी त्याआधी, आणि शीट सगळ्यात आधी. माझ्या शीटच्या पहिल्या ओळीत एकच आकडा होता: १,५०,००० रुपये. दोन वर्षांच्या बोनसमधून बाजूला काढलेले. त्यात एक छोटा रीफ टँक बसवायचा, आणि तोही पुण्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर.

सुरुवात टँकच्या मापापासून होते. नवख्याला वाटतं, लहान घ्यावा, कमी खर्च, कमी कटकट. प्रत्यक्षात उलटं आहे. पाणी कमी असेल तर एक मासा मेला, एक दिवस पाणी जास्त आटलं, एक चमचा खाणं जास्त पडलं की सगळं गणित बिघडतं. जास्त पाणी म्हणजे चुकीला जागा. मी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर ठरवलं. काठोकाठ भरला तर १८२ लिटर. वरची रिकामी जागा आणि दगड वजा करून, खालच्या सम्पमधलं पाणी मिळवून खरं पाणी साधारण १५० लिटर.

आता वजन. पाणी, काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड मिळून जवळपास तीनशे किलो. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरून डिझाइन करतात, तो संपूर्ण खोलीवर पसरलेला. आपला टँक अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत बसतो. म्हणून तो खोलीच्या मधोमध ठेवायचा नाही, खाली बीम असलेल्या भिंतीला लागून ठेवायचा. हे समजावायला मी घरमालकांना फोन केला.

"काका, घरात एक टाकी ठेवायची होती."

"पाण्याची? अहो, गच्चीवर आहे की."

"नाही, माशांची. भरल्यावर तीनशे किलो होईल."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचा करार अकरा महिन्यांचा आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. रीफ टँक स्थिरावायलाच वर्ष लागतं, हेही वाचलेलं होतं. ही दोन वाक्यं शीटमध्ये शेजारी शेजारी लिहिली आणि पुढे गेलो.

पुढची ओळ पाण्याची. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, कधी बोअरचं पाणी. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट काय काय असतं. आपल्याला त्याने काही होत नाही, शेवाळाला मात्र मेजवानी मिळते. घरातल्या प्यायच्या आरओने भागत नाही. आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा असलेलं युनिट लागतं, आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसायला लागतं. त्या पाण्यात लिटरला सुमारे ३६ ग्रॅम मीठ. स्वयंपाकघरातलं नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी सगळं मोजून घातलेलं. क्षारता दर हजारी ३५. ही मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यायचा, आणि पैसे वाचवायला घेतलेली शीट इथे वाचवायची नाही. ज्या आकड्यावर सगळं उभं आहे, तो मोजायचं साधन स्वस्तातलं नको.

मग उष्णता. थंड देशांतल्या लोकांचा प्रश्न पाणी गरम ठेवायचा असतो, आपला ते गार ठेवायचा. कोरलला २५ ते २७ अंश हवेत. चिलर घ्यावा तर तीस हजार. म्हणजे माझे राखीव पैसे आणि माशांचे पैसे दोन्ही संपले. दुसरा पर्याय दोन हजारांचे छोटे पंखे, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे. हे गमतीचं वाटतं, पण माठाचं तत्त्व आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ती सोबत घेऊन जाते. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत पंख्याने तीन-चार अंश सहज उतरतात. मुंबईत हेच करून पाहिलं तर घामेजलेली हवा वाफ घ्यायलाच तयार नसते. म्हणून मुंबईच्या मित्राच्या यादीत चिलर आहे आणि माझ्या यादीत नाही. दुसऱ्याचं बजेट जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या शहराची हवा त्यात धरलेली नसते.

पंख्यांची किंमत वेगळी मोजावी लागते. रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. तेवढं गोडं, शून्य टीडीएसचं पाणी आपोआप भरणारा सेन्सर आणि पंप लागतो. तो पाच हजारांचा. तरी चिलरपेक्षा स्वस्तच.

लाइट बावीस हजार. हा आकडा बघून बायकोने भुवया उंचावल्या. पण कोरल हा प्राणी असला तरी त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि कोरलचं पोट बरंचसं त्यावर भरतं. लाइट म्हणजे त्यांचा किराणा. स्किमर बारा हजार. तो बारीक बुडबुडे सोडतो, पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमते. किनाऱ्यावर लाटेचा जो पिवळट फेस साचतो, तीच ही गोष्ट. स्किमर, स्टँड, पंप सेकंड हँड घेता येतात, कारण हा छंद सोडणारे बरेच असतात. ते का सोडतात, हेही विचारून घ्यावं. बहुतेकांचं उत्तर एकच होतं: बदली.

महिन्याचा खर्च वेगळ्या पानावर. चिलर नसल्याने रोज अडीच युनिट, म्हणजे महिन्याला पंच्याहत्तर. विजेचे दर स्लॅबने चढतात, त्यामुळे हे युनिट आपल्या बिलातल्या महागड्या टोकाला जाऊन बसतात. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे पंधरा लिटर, म्हणजे अर्धा किलोहून थोडं जास्त मीठ. वर्षाला २८ किलो. आणि वीज गेली तर? पाणी हलायचं थांबलं की काही तासांत प्राणवायू कमी पडतो. बॅटरीवर चालणारा एक वेव्हमेकर हवाच.

इथपर्यंत शीट इंजिनिअरची होती. मग 'कोरल' अशी ओळ आली.

माझं आजोळ मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात तोंड बुडवलं की खाली खरे कोरल दिसतात. तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि २००१ पासून भारतात खडक बांधणारे सगळे कठीण कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच रांगेत. आपल्या समुद्रातून ते तोडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा दगडसुद्धा अनेकदा मेलेल्या कोरलचाच असतो. एका दुकानदाराला मी विचारलं, हा कुठून आला. तो म्हणाला, "साहेब, समुद्रातूनच येणार ना." मी पैसे परत खिशात ठेवले. माझ्या टँकमधला दगड सिरॅमिकचा आहे, भट्टीत भाजलेला. कठीण कोरलची ओळ मी खोडली. मऊ कोरल घ्यायचे तर ते दुसऱ्याच्या टँकमध्ये वाढलेल्या तुकड्यातून. मासे दोनच, क्लाउनफिश, हॅचरीत जन्मलेले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बसवलेली आहे, समुद्रातून पकडायची गरजच नाही.

मामाला फोनवर सांगितलं तर तो हसला. "समुद्र पुण्याक कशाक नेतंस? तो हयसरच बरो आसा." त्याच्याशी वाद नाही. तो समुद्र मला नेता येणारही नाही.

पण शीटमधला सगळ्यात अवघड प्रश्न बायकोने विचारला. तिने बाहेरच्या दोन विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. आम्ही त्याविषयी फार बोलत नव्हतो. दोघंही निकालाची वाट बघू असं म्हणत होतो, आणि अर्ज तर अजून भरलाही नव्हता. रात्री ती माझ्या मागे उभी राहून स्क्रीन वाचत होती. म्हणाली, "क्लाउनफिश किती वर्षं जगतात?"

"नीट सांभाळले तर दहा-पंधरा. जास्तही."

"मग तू टँक घेतोयस, की मी जाऊ नये म्हणून कारण घेतोयस?"

प्रश्न रास्त होता. मी विचार करून उत्तर दिलं: मला टँक हवा आहे, तू जावंस हेही हवं आहे, आणि दोन्ही एकत्र कसं जमेल ते मला माहीत नाही. हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने बोललं गेलं. त्या रात्री शीट बाजूला ठेवून आम्ही दोन वाजेपर्यंत बोललो. तू आधी जायचं, मी मागे राहायचं का, किती महिने, पैसे कुठून, आईबाबांना काय सांगायचं.

त्यानंतर शीटमध्ये एक नवी ओळ आली, जी कुठल्याच यादीत मला सापडली नव्हती: 'आपण गेलो तर.' तिच्यासमोर रक्कम नाही, माणूस आहे. कोथरूडमधल्या एका मित्राचा मोठा टँक आहे. तो म्हणाला, मासे आणि कोरल मी घेईन, काचा तू विकून टाक. तो नसता तर मी टँक घेतला नसता. पहिला टँक घेणाऱ्याला मी लाइट कोणता घे हे शेवटी सांगतो. आधी विचारतो, तू गेलास तर हे कोण सांभाळेल?

सध्या टँक भरून सहा आठवडे झाले. आत दगड, वाळू आणि पाणी, बस्स. जिवाणू वाढायला वेळ देतोय. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया शून्यावर आला, नायट्राइट कालपर्यंत उतरत होतं. पाहुणे येतात आणि विचारतात, मासे कुठे आहेत. बायको त्यांना सांगते, अजून नाहीत, पण पाणी तयार होतंय. तिचा अर्ज मागच्या सोमवारी गेला. फीचे पैसे राखीव रकमेतून दिले. शीटमध्ये ती नोंदही आहे, रिफ्रॅक्टोमीटरच्या खालच्या ओळीत.