एका आवाजाची कैफियत

बेळगावातील एका मोठ्या वर्कशॉपने माझ्या गाडीच्या पुढल्या डाव्या चाकापाशी होणारी खडखड ऐकूनही न घेता दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले, त्यांची हजारांच्या घरातली रक्कम वसूल केली, आणि कॅसलरॉकच्या रस्त्याला लागताच तो आवाज पूर्ववत सुरू झाला, याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यांच्या तपासणीची तऱ्हा सविस्तर सांगितली पाहिजे. सुपरवायझरने मला शेजारी बसवून गाडी गुळगुळीत डांबरी रस्त्यावर नेली, गतिरोधकांवरून संथपणे उतरवली आणि आवाज येत नसल्याचा निकाल दिला. ‘साहेब, एकदा खड्ड्यांच्या रस्त्यावर चला,’ अशी मी विनंती केली, तिला वेळ नसल्याची सबब मिळाली; आणि तरीही जॉबकार्डावर ‘शॉकअब्सॉर्बर निकामी’ अशी नोंद झाली! ज्याला आवाजच आला नाही, त्यानेच त्या आवाजाचे कारण ठरवावे आणि त्याचा खर्च मात्र ज्याने आवाज ऐकला त्याच्या माथी मारावा, हा कुठला न्याय? जुने भाग मागितले, तर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. मुद्देमालच नाहीसा झाल्यावर फिर्याद तरी कशाच्या आधारे करावी?

आमच्या गावात, कॅसलरॉकला, आवाजाची अशी उपेक्षा कधी झाली नाही. गोवा पोर्तुगीजांकडे असताना सरहद्दीवरील जकात-तपासणी येथे होई. परंतु येथून कुळ्याकडे 37 फुटांना 1 फूट असा उतार सुरू होत असल्यामुळे उतारूंच्या सामानाइतकीच रेल्वेच्या डब्यांचीही दखल घ्यावी लागे. चाकावर हातोडी मारून नादावरून त्याचा तडा ओळखणारी माणसे ज्या पिढीने पाहिली, तिला ‘ऐकू येत नाही’ हा जबाब कसा पटावा?

अखेर गाडी रामनगरच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी फक्त डावे चाक दगडावर चढवून उतरवले, आणि खडखड स्पष्ट ऐकू आली. ‘काका, स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलतात, तेव्हा बार नुसता फिरतो, लिंक रॉडवर भार येत नाही. एक चाक वर, एक खाली झालं की तो बोलतो.’ वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारा जो पोलादी स्टॅबिलायझर बार असतो, त्याच्या टोकाचा वीत-दीड वीत लांबीचा दुवा म्हणजे हा लिंक रॉड.

बारला पीळ राहू नये म्हणून त्यांनी पुढची दोन्ही चाके अधांतरी करून गाडी घोड्यांवर ठेवली. पावसाने गंजलेला नट पान्याबरोबर फिरू लागला, की बॉल जॉइंटचा दांडाही फिरे. तेव्हा तारेच्या ब्रशाने आटे साफ करून, तेल सोडून, दांड्याच्या टोकात एलन चावी अडकवून तो स्थिर धरावा लागला. निघालेल्या लिंक रॉडचे रबरी बूट फाटलेले, आत ग्रीसऐवजी तांबडी माती, आणि बॉल स्वतःच्या वजनानेच लोंबकळत होता. नव्याचा बॉल मला बोटाने हलेना.

मिस्त्रींनी उजवाही बदलण्याचा सल्ला दिला. तो वाजत नव्हता. तरी मी रुकार दिला. धडधाकट भाग बदलल्याबद्दल ज्याचा संताप शमत नाही, त्यानेच हे करावे, यात विसंगती आहे, हे मी नाकारीत नाही. मात्र येथे भाग आधी माझ्या हाती दिला गेला आणि मग मला विचारले गेले.

वाचकांस माझे आग्रहाचे सांगणे आहे, की आवाज ज्या रस्त्यावर येतो त्याच रस्त्यावर तपासणीचा हट्ट धरावा, आणि काढलेला प्रत्येक भाग ताब्यात घ्यावा. त्या वर्कशॉपची पायरी पुन्हा चढायची नाही, असा माझा निर्धार होता. परंतु वाढीव हमीच्या अटींमुळे पुढचे सर्व्हिसिंग तिथेच करणे भाग आहे. जॉबकार्डावर ‘जुने भाग परत द्यावेत’ असे माझ्यासमक्ष लिहिल्याखेरीज मात्र किल्ली देणार नाही.