ही सांगते कुणाला?

अलंकारांशी आमची पहिली ओळख झाली ती परीक्षेच्या भीतीनें. मुख चंद्रासारखें म्हटलें कीं उपमा, मुख जणूं चंद्रच म्हटलें कीं उत्प्रेक्षा, आणि दोहोंत भेदच उरूं दिला नाहीं कीं रूपक. एवढें पाठ असलें म्हणजे गुण पदरांत पडत. ज्या सुंदरीच्या मुखावर हे प्रयोग चालत तिची आमची ओळख अखेरपर्यंत झाली नाहीं, ही गोष्ट वेगळी. व्याजस्तुति मात्र घरींच शिकावयास मिळे. दिवेलागणीनंतर आम्ही खेळून परतलों कीं आत्याबाई दारांतच म्हणत, "या, या! केवढें हो हें कामसू मूल! अंधार पडला तरी याचें काम सरत नाहीं!" आपण मम्मटाच्या 'काव्यप्रकाशां'तील एका अलंकाराचें उदाहरण देत आहों, हें त्यांच्या गांवींही नव्हतें.

आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांच्या आत्या. बाराव्या वर्षीं वैधव्य आलेल्या, तांबड्या आलवणांतल्या. अक्षरओळख नव्हती. १९६२ सालच्या पावसाळ्यांत, आम्ही मॅट्रिकच्या वर्गांत असतांना, त्यांना रोज रात्रीं हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचून दाखवूं लागलों. कथानक, पात्रें, वातावरण, संघर्ष हीं कथेचीं अंगें शाळेंत नुकतींच शिकविलीं होतीं. तीं आत्याबाईंवर आजमावण्याचा मोह आम्हांस आवरेना. येथें उत्कंठा कशी वाढविली, येथें पुढील अरिष्टाची चाहूल आधींच कशी दिली, हें आम्ही थांबून थांबून समजावीत असूं. आत्याबाई वाती वळीत निमूटपणें ऐकत.

चौथ्यापांचव्या रात्रीं त्यांनीं विचारलें, "ही यमू हें सगळें सांगते आहे तें कुणाला?"

"वाचकांना," आम्ही ऐटींत उत्तरलों. "ह्याला आत्मनिवेदनपद्धति म्हणतात, आत्याबाई. लिहिणारे हरिभाऊ, यमू हें नुसतें त्यांचें सोंग."

"म्हणजे लिहिणारा पुरुष?"

"अर्थात्."

वातीवरचा त्यांचा हात थांबला. "मग त्याला हें सांगितलें कुणी?" एवढेंच म्हणून त्या ताट उचलून आंत गेल्या. पुढें दोन रात्री वाचन झालें नाहीं, आणि त्याचें कारण आमचें पांडित्य होतें हें आम्हांस पुरतें समजलें होतें.

लेखक वेगळा व निवेदक वेगळा, हें सूत्र आम्ही वर्गांत घोकलें होतें. त्याचें मोल कळावयास बरींच वर्षें लागलीं. 'करमणूक' हें साप्ताहिक १८९० सालीं निघालें आणि त्यांतून ही कादंबरी क्रमशः येऊं लागली, तेव्हां हरिभाऊ २६ वर्षांचे होते. विधवांच्या स्थितीवर निबंध व व्याख्यानें त्या काळीं कांहीं थोडीं नव्हतीं. स्वतःच्या तोंडानें बोलते तर त्यांत आणखी एकाची भर पडती. यमूच्या हातीं लेखणी देतांच तिची कींव करण्याचा हक्क त्यांना सोडावा लागला. लहानगी यमू पाहिलें तसें सांगते, आणि त्यांतला अर्थ तिच्याआधीं ऐकणाराच्या काळजाला भिडतो. आनंदवर्धनानें नवव्या शतकांत ज्याला ध्वनि म्हटलें, तो आम्ही श्लोकांतच शोधीत होतों! पुस्तकांत दोष नाहींत असें नव्हे. यमूला वर्षांपूर्वींचीं लांबलचक संभाषणें अक्षरशः आठवतात, आणि आठवड्याच्या हप्त्यासाठीं मजकूर ताणल्याचा संशय कोठें कोठें येतोच. पण "त्याला सांगितलें कुणी?" ह्या प्रश्नापुढें असले आक्षेप आम्हांस फार पोरकट वाटूं लागले. कुठल्या तरी माजघरांत कुणी तरी बोललें असलें पाहिजे, आणि त्यानें तें मधेंच न थांबवितां ऐकलें असलें पाहिजे.

तिसऱ्या रात्रीं आत्याबाई आपण होऊन ओसरीवर येऊन बसल्या व "वाच पुढें" म्हणाल्या. त्यानंतर आम्हीं एकही अंग वा अलंकार समजावला नाहीं. यमूच्या केशवपनाचें प्रकरण आलें तेव्हां दोनचार ओळी होतात न होतात तोंच त्या उठल्या, पदर सारखा करून स्वयंपाकघरांत गेल्या. आम्ही पुस्तक मिटून बसलों. आंत भांडीं हालल्याचा आवाज झाला, मग तोही बंद झाला.

"थांबलास कां?" आंतून आत्याबाई म्हणाल्या. "मला इथें ऐकूं येतें आहे."