टक्के नव्हेत, पर्सेंटाइल!

ऑफिसच्या सर्टिफिकेशन टेस्टमध्ये मला १०० पैकी ६८ मिळाले. परदेशातल्या प्रोजेक्टसाठी अट होती ८० पर्सेंटाइलची, आणि मी बरोब्बर ८० वर! आईला फोन केला, तर ती खूश. "ऐंशी टक्के? डिस्टिंक्शन की गं!" तिला समजावलं, अगं, मार्क ६८च. पण शंभरातले ऐंशी जण माझ्या मागे. (जेईई मेनचा निकाल २०१९ पासून पर्सेंटाइलमध्ये लागतो, तोही सात दशांश स्थळांपर्यंत. तरी घराघरात हा घोळ आहेच.)

माझे ऐंशी आले कुठून? एचआरने मेलवर नुसता तक्ता पाठवला होता. एकूण २४० जण. ६० च्या खाली १६८, ६० ते ८० च्या गटात ६०, वर १२. माझ्या मागे ते १६८ तर नक्कीच. शिवाय गट २० मार्कांचा, त्यात मी ८ मार्क आत. म्हणून साठातले आणखी २४ मागे धरायचे. १९२ भागिले २४०. झाले ऐंशी टक्के लोक.

शेजारच्या डेस्कवरच्या ज्युनियरला ६७. त्याच हिशेबाने ७८.७५. आउट! तो काही बोलला नाही, फक्त चहाला आला नाही.

मला ते 'आणखी २४' खुपायला लागले. ते कुणी मोजलेलेच नाहीत. गटातले साठ जण वीस मार्कांवर सारखे पसरलेत, असं धरून काढलेत. तक्ता खात्रीने एवढंच सांगतो की मी ७० आणि ९५ च्या मध्ये कुठेतरी आहे. आणि माणसं अशी सारखी पसरतात होय? आमचं पासिंगच ६० ला होतं. पास होण्यापुरता अभ्यास करणारी जनता तुम्हाला माहीत आहेच. ती साठाच्या जरा वरच गर्दी करणार. अर्थात गर्दी सत्तरच्या पुढे निघाली, तर माझाच पत्ता कट.

तरी मेल टाकला. नावं नकोत, सगळ्यांचे नुसते मार्क द्या. "बाकी कुणाची तक्रार नाही," असं उत्तर आलं. मग दोन रिमाइंडर, दुसऱ्यात मॅनेजर सीसीमध्ये. शुक्रवारी यादी आली. कॅन्टीनमध्ये बसून दोघांनी पेनाने टिकमार्क करत मोजली. ६० ते ६६ मध्येच ३१ जण! म्हणजे ६७ च्या मागे १९९, पर्सेंटाइल ८२.९. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

सोमवारी तो पासपोर्टची झेरॉक्स घेऊन आला.