निघता येणं

ओहायोत पानगळ संपली की पुलांची पोटं उघडी पडतात. उन्हाळाभर झाडीनं झाकलेले तुळयांचे सांधे, गंजाचे ओघळ, काँक्रीटवरचे केसाएवढे तडे सगळं स्वच्छ दिसू लागतं. कोलंबसमधल्या माझ्या नोकरीचा मोठा भाग अशा पुलांखाली उभं राहून वर बघण्यात गेला. १९६७ च्या डिसेंबरात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. त्यानंतर देशभर पुलांची ठरावीक मुदतीनं तपासणी सुरू झाली. बहुतेक पुलांसाठी ती मुदत दोन वर्षांची. त्यामुळे मी पुन्हा पुन्हा त्याच पुलांकडे जायचे, ओळखीच्या तड्यावर बोट फिरवायचे, तो वाढला नसेल तर मनापासून सुखावायचे. हे काम मला आवडायचं. पण पुढे पुढे पूल तपासण्यापेक्षा पूल उभे करण्याची ओढ लागली, आणि ती पुरी होईल अशी जागा त्या शहरात नव्हती.

निघावं, तर फाइल अडवायची.

ग्रीन कार्डची आमची फाइल २०१३ मध्ये सुरू झाली. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डची पहिली पायरी म्हणजे पर्म. या कामासाठी, या भागात, या पगारावर योग्य अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीनं श्रम खात्याला दाखवायचं. म्हणजे फाइलच्या पहिल्याच कागदात एक कंपनी, एक हुद्दा आणि एक गाव कायमचं लिहिलं जातं. तो कागद दाखल झाला ती आपली प्रायॉरिटी डेट. मग आय-वन-फॉर्टी हा कंपनीचा अर्ज, आणि सगळ्यात शेवटी, तारखेचा नंबर लागला की, फोर-एटी-फाइव्ह हा आपला स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज. नंबर लवकर लागत नाही. १९९० च्या कायद्यानं नोकरीच्या वाटेनं वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं ठरवली, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून जास्त सहसा मिळत नाहीत. आइसलंडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. आपण काय शिकलो, किती वर्षं कर भरला, यापेक्षा कुठल्या मातीत जन्मलो यावर रांगेची लांबी ठरते.

त्या रांगेनं आमच्या बोलण्यात आपली जागा करून घेतली. मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाची ताटली हातात आली की कुणीतरी विचारायचं, ‘तुमची डेट कुठली?’ महिन्याच्या मध्यावर व्हिसा बुलेटिन आलं की ग्रुपवर दोन आठवडे पुढे, चार आठवडे पुढे, आणि कधी तारीखच मागे गेली म्हणून शांतता. हुद्द्याचं नाव बदलेल म्हणून बढती नाकारणारी माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्या गावात भावाशेजारी राहता आलं असतं, पण पर्म पुन्हा करावं लागेल म्हणून वर्षानुवर्षं सुट्टीपुरते भेटणारे भाऊ पाहिले आहेत. आम्हीही भाड्याच्या घरात अबोली कुंडीतच ठेवली, जमिनीत लावली नाही. राहता येईल का, या काळजीत सगळं आयुष्य गेल्यासारखं वाटायचं.

खरं दुखणं दुसरंच होतं. ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं.

मी सांगलीची. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना खुशालीच्या आधी विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आईबाबांच्या घराचा तळमजला बुडाला आणि ते मामाकडे विश्रामबागेत गेले. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. गेले तर परतण्याआधी नवा शिक्का घ्यावा लागणार, तो किती दिवसांत मिळेल हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तेवढे दिवस नोकरी थांबली असती असं नाही. आई फोनवर म्हणाली, ‘अगं, तू येऊ नकोस. आम्ही कोरड्या जागी आहोत. तुझं तिकडचं बघ.’ तिचा आवाज स्थिर होता. मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला पहिल्यांदा लख्ख दिसलं की ज्या देशात राहण्याची परवानगी मी मागत होते, तिथून मला निघताच येत नव्हतं. नोकरीतून नाही, गावातून नाही, आईकडे जाण्यासाठीही नाही. जिथून निघता येत नाही, तिथलं राहणं खरं राहणं नसतं.

मग २०२० चा ऑक्टोबर आला. महासाथीत वकिलाती बंद राहिल्यानं कुटुंबांसाठीची पुष्कळ ग्रीन कार्डं वापराविना उरली होती, आणि कायद्यानुसार ती नोकरीच्या वाट्याला येणार होती. त्यामुळे नोकरीच्या वाटेच्या तिसऱ्या वर्गात, म्हणजे ईबी-थ्रीमध्ये, भारतीयांना अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे सरकली. दुसऱ्या वर्गातले कितीतरी लोक धावतपळत तिसऱ्यात आले. आम्हीही आलो. वैद्यकीय तपासणी, फोटो, लस घेतल्याचे दाखले. सांगलीत भावानं महापालिकेतून माझ्या जन्माची नोंद काढून पाठवली. फोर-एटी-फाइव्ह दाखल झाला.

या एका अर्जात किती मोकळीक आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला कळणार नाही. ऑक्टोबर २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या एका कायद्यात एक छोटं कलम आहे. फोर-एटी-फाइव्ह १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळ प्रलंबित असेल, तर त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामावर दुसऱ्या मालकाकडे जाता येतं, दुसऱ्या गावीही जाता येतं. पर्म पुन्हा करायला नको, फाइल मरत नाही, तारीख आपलीच राहते. ज्यानं हे कलम लिहिलं, त्याला वाट पाहणाऱ्या माणसाचं मन ठाऊक असावं. मंडळातली वडीलधारी मंडळी २००७ च्या जुलैची गोष्ट सांगतात. तारखा सगळ्यांना खुल्या केल्या आणि अर्ज पोचायच्या वेळी सरकारनं ते घ्यायलाच नकार दिला. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ ताजा होता. त्यातल्यासारखी लोकांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवली. संचालकांनी ती वॉल्टर रीड रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला खात्यानं निर्णय फिरवला. त्या फुलांनी कुणाच्या हातात लगेच ग्रीन कार्ड आलं नाही. आला तो अर्ज भरण्याचा हक्क, आणि त्याच्यामागून निघण्याचा. ती माणसं अजून त्या महिन्याविषयी बोलताना ताठ बसतात, ते का, हे मला आता समजतं.

तरी कायद्यानं दार उघडलं म्हणून पाय लगेच उचलत नाही. सिअॅटलहून पुलांच्या डिझाइनची नोकरी आली, तेव्हा रात्ररात्र आम्ही जुन्या आणि नव्या कामाची वर्णनं शेजारी ठेवून वाचली. ‘तशाच प्रकारचं’ म्हणजे किती तसं? वकील बाई शांतपणे एकेक गोष्ट सांगत गेल्या. दोन्ही कामं सिव्हिल इंजिनिअरचीच. नवी कंपनी या नोकरीची खातरी देणारा सप्लिमेंट जे हा फॉर्म भरून देईल. ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हाताशी असलं तरी एच-वन व्हिसाची ट्रान्सफर करून घ्या, म्हणजे उद्या अर्जात काही अडलं तरी पायाखाली जमीन राहील. घर बदललं की १० दिवसांत पत्ता कळवा. त्यांच्या प्रत्येक वाक्याबरोबर भीतीचा एकेक पदर सुटत होता. नवरा म्हणाला, ‘तू सही कर. आपण जाऊ.’

आम्ही गाडीनंच गेलो. इंडियानापोलिसवरून उत्तरेला, मग आय-नाइन्टी धरून सरळ पश्चिमेला. चेंबरलेनपाशी मिसुरी नदी रुंद, निळी, वाऱ्यानं शहारलेली. पुढे बॅडलँड्सच्या मातकट रेघा, मोंटानाचं न संपणारं आभाळ, व्हँटेजला काळ्या खडकांतून वाहणारी कोलंबिया. प्रत्येक नदीवर गाडी हळू करून मी पुलाचे खांब पाहत होते. स्नोक्वाल्मीची खिंड उतरली, देवदारांची गर्दी झाली, आणि तोच रस्ता शेवटी लेक वॉशिंग्टनवर थेट पाण्यावर गेला.

इथले पूल तरंगतात. तळं दोनशे फुटांहून खोल आणि तळ मऊ गाळाचा, म्हणून खांब रोवणं परवडणारं नव्हतं. होमर हॅडली या इंजिनिअरनं काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यावर ठेवून त्यावरून रस्ता नेण्याची कल्पना मांडली, तेव्हा लोकांना ती वेडेपणाची वाटली. १९४० मध्ये इथला असा पहिला पूल खुला झाला. १९९० मध्ये दुरुस्ती चालू असताना वादळात त्याच्या पेट्यांत पाणी शिरलं आणि तो बुडाला. तो पुन्हा बांधला. पोलादी दोरखंड या पुलांना दोन्ही बाजूंच्या नांगरांशी बांधून ठेवतात, आणि पाण्याची पातळी बदलली की त्या दोरखंडांचा ताण जुळवून घेतात. आम्ही आलो तेव्हा यातल्या एका पुलावरून रेल्वे नेण्याचं काम चालू होतं. तळाला पाय न टेकवता इतका भार पेलता येतो, हे मी पुस्तकात शिकले होते. त्या दिवशी माझं घरदार अशाच एका पुलावरून पलीकडे गेलं.

फाइल अजून तशीच आहे. २०२३ च्या जुलैत ईबी-थ्रीची तारीख २००९ पर्यंत मागे गेली, आणि आम्ही पुन्हा दूर फेकले गेलो. तरी त्या महिन्यात मी नेहमीसारखी कामावर गेले, कागदावर पूल काढला. पुढच्या हिवाळ्यात अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परतण्याची परवानगी, घेऊन सांगलीला गेले, आईच्या हातची भाकरी खाल्ली, बाबांबरोबर आयर्विनवरून संध्याकाळी चालत गेले. मला ग्रीन कार्ड हवंच आहे. त्याची ओढ खोटी नाही. पण माणूस म्हणून मला जे परत मिळायचं होतं, त्यातलं बरंचसं निघता आलं तेव्हाच मिळालं.

म्हणून वाटतं, ज्यांचा आय-वन-फॉर्टी मंजूर झाला त्या प्रत्येकाला, तारीख कुठेही असो, फोर-एटी-फाइव्ह भरू द्यावा. त्यासाठी एकही जास्तीचं ग्रीन कार्ड लागत नाही. रांग तेवढीच राहील, फक्त रांगेतली माणसं मोकळी होतील.

परवा ऑफिसमधला एक तरुण मुलगा विचारत होता. नाशिकचा, फाइल २०१९ ची, फोर-एटी-फाइव्ह भरण्याची आशा दूरवर नाही. पुण्याहून लग्न होऊन आलेली बायको दुसऱ्या राज्यात नोकरी करते. ‘ताई, मी हललो तर सगळं जाईल का?’ मी त्याला मला ठाऊक आहे ते सांगितलं, वकिलाकडूनही नीट समजून घे म्हटलं. नवी कंपनी पर्म आणि आय-वन-फॉर्टी पुन्हा करेल, वेळ लागेल, कटकट होईल. पण तुझा आय-वन-फॉर्टी मंजूर होऊन १८० दिवस उलटले आहेत. आता जुन्या कंपनीनं तो मागे घेतला तरी २०१९ ची तारीख तुझीच राहते. बायकोजवळ जा. तारीख तुझ्याबरोबर येईल.