‘.३८’ नावाची .३५७ इंची गोळी

१/६
‘.३८ स्पेशल’ या विख्यात काडतुसातील गोळी मोजली, तर तिचा व्यास .३८ इंच भरत नाही, भरतो सुमारे.३५७ इंच. ही कारखान्याची चूक नव्हे. अमेरिकेतील एका पेटंटाने अडवून धरलेल्या आणि पुढे नवा जन्म लाभलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांची ती खूण आहे.

२/६
कोल्ट कंपनीची १८५१ ची ‘नेव्ही’ आणि १८६० ची ‘आर्मी’ ही रिव्हॉल्व्हरे दुरून जुळी भासतात. नेव्हीची नळी अष्टकोनी, कॅलिबर .३६; आर्मीची नळी गोल, कॅलिबर .४४. सांगाडा मात्र जवळजवळ एकच. मोठ्या गोळीसाठी सिलिंडरचा पुढचा भाग रुंद केला आणि तो मावावा म्हणून सांगाड्यात पायरी कापली, एवढाच फरक.

३/६
दोन्हींत दारू व गोळी सिलिंडरच्या घरांत पुढून ठासावी लागे, मागे प्रत्येक घराला टोपी चढवावी लागे. यादवी युद्धात (१८६१–६५) सहा बार संपले, की धावत्या घोड्यावरील स्वार हतबल होई.

४/६
उपाय ठाऊक होता: आरपार छिद्रांचा सिलिंडर आणि मागून भरायचे काडतूस. परंतु त्याचे पेटंट ३ एप्रिल १८५५ रोजी रॉलिन व्हाइट याला मिळाले होते. १८५६ मध्ये स्मिथ अँड वेसन यांनी नगामागे २५ सेंट देऊन हक्क घेतले. पेटंटाच्या रक्षणाचा खर्च मात्र व्हाइटच्या माथी. कमाईचा मोठा वाटा खटल्यांत गेला. मुदतवाढीच्या दिलाशाचे विधेयक १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नाकारले.

५/६
पेटंट १८६९ मध्ये संपले आणि कोल्टचे हात मोकळे झाले. चार्ल्स रिचर्ड्स (१८७१) व विल्यम मेसन (१८७२) यांच्या पेटंटांनुसार जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांना काडतुसाचे रूप मिळाले. ठासणीच्या जागी रिकामी पुंगळी ढकलणारा दांडा आला.

६/६
‘.३६’ नेव्हीत ठासला जाणारा शिशाचा गोळा प्रत्यक्षात सुमारे .३७५ इंचाचा असे. त्याच नळीसाठी घडवलेल्या काडतुसात गोळी पुंगळीइतकीच रुंद होती. तिची निमुळती टाच तेवढी आत बसे. म्हणून नाव पडले ‘.३८’. पुढे संपूर्ण गोळीच पुंगळीच्या आत सरकली आणि पुंगळीच्या जाडीइतकी बारीक झाली. नाव मात्र टिकले. १९३५ साली आलेल्या ‘.३५७ मॅग्नम’ला खऱ्या व्यासाचे नाव मिळाले. गोळीची रुंदी तीच असल्याने मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये ‘.३८ स्पेशल’ आजही चालते.